ढवळी आणि वारा : एका उडत्या खेळाच्या प्रकल्प नोंदी

७ जून २०२५

खेळाचा आराखडा थोडक्यात असा. एका अवाढव्य गिधाडाच्या पाठीवर बसून कळसूबाईपासून जीवधनपर्यंतचा सह्याद्री हिंडायचा. मारामारी नाही, नाणी वेचणं नाही. कुठे उतरलो, काय पाहिलं, पुन्हा हवेत कसे गेलो, बस. गिधाडाचं नाव ढवळी; मानेभोवतीच्या पांढऱ्या पिसांवरून बहिणीने ठेवलं. जटायू हे नाव पहिल्याच बैठकीत बाद झालं, कारण मग प्रत्येकजण रावण कुठे आहे ते विचारणार.

कोड माझ्याकडे. मॉडेल आणि अ‍ॅनिमेशन धाकट्या बहिणीकडे, ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये. राजूरच्या मामेभावाकडे चाचणी, आणि "हे असं नसतं दादा" असं सांगण्याचं काम. खेळ बांधायचं इंजिन गोडो: फुकट, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर कुरकुर न करता उघडतं.

११ जून

भूभाग आधी. एंडेव्हर यानाने फेब्रुवारी २००० मध्ये ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीवरच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली होती. ती माहिती आज कुणालाही उतरवून घेता येते, एक अंश बाय एक अंशाच्या तुकड्यांत. आमचं नशीब असं की १९ उत्तर, ७३ पूर्व या एकाच तुकड्यात कळसूबाई, अलंग-मदन-कुलंग, रतनगड, हरिश्चंद्रगड, माळशेज, नाणेघाट आणि जीवधन सगळे बसतात. ३६०१ बाय ३६०१ बिंदू, प्रत्येक बिंदूला दोन बाइट, म्हणजे २६ एमबीच्या आत सगळा पसारा. त्यातली कळसूबाई ते जीवधन ही सुमारे ३७ किमी लांबीची पट्टी कापून घेतली.

दोन बिंदूंमधलं अंतर उत्तर-दक्षिण साधारण ३१ मीटर, पण पूर्व-पश्चिम तेवढं नाही. रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ येत जातात, त्यामुळे आपल्या अक्षांशावर ते २९ मीटर भरतं. हा फरक कोडमध्ये घातला नाही तर डोंगर आडवे ताणले जातात. सहा टक्के ताण कोणाला दिसणार असं वाटेल, पण मामेभावाला कुलंग "जरा जाड" वाटलाच असता. त्याच्या घरातून ती रांग दिसते.

१९ जून

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यापाशी गाडी अडली.

उंचीचा नकाशा म्हणजे जमिनीवरच्या प्रत्येक ठिकाणासाठी एकच आकडा. पण कोकणकडा आत वळलेला आहे. माथ्याची कड पुढे आलेली, पोट आत गेलेलं. तिथे एकाच जागेला दोन उंच्या लागतात: कडेची, आणि तिच्या खाली असलेल्या मोकळ्या हवेनंतरची. आकड्यांच्या तक्त्यात हे मावत नाही. शिवाय ३० मीटरला एक बिंदू असल्यामुळे कडा कड्यासारखा न दिसता घसरगुंडीसारखा दिसतो. वर कातळ, खाली कातळ, मध्ये ताणलेलं गुळगुळीत कापड.

उपाय: कोकणकडा, नाणेघाटाचा अंगठा, वानरलिंगीचा सुळका आणि रतनगडाचं नेढं एवढे स्वतंत्र मॉडेल म्हणून हाताने घडवायचे आणि जमिनीवर बसवायचे. बाकी रांग नकाशातून. नेढं तर मुळात भोक आहे, ते रडारला वरून दिसणार तरी कसं? बहीण फोटो लावून कामाला बसली आहे. तिला बेसाल्टचे आडवे थर नीट हवेत. एकावर एक आलेल्या लाव्ह्याच्या थरांमुळे आपल्या डोंगरांना त्या पट्ट्या आहेत आणि उंचीचा अंदाज डोळा त्यांच्यावरूनच घेतो. पट्ट्या पुसल्या तर हजार मीटरचा कडा शंभराचा वाटतो, हे तिने दोन चित्रं शेजारी ठेवून दाखवलं. मुकाट्याने मान डोलावली.

२८ जून

ढवळी केवढी असावी, यावर घरात वाद.

खरं गिधाड पाच-सहा किलोचं, पंखांचा पसारा दोन मीटरच्या थोडा वर. ते नुसतं मोठं करत गेलो तर लांबी दुप्पट झाल्यावर पंखाचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन आठपट. म्हणजे जेवढा पक्षी मोठा तेवढा प्रत्येक चौरस मीटर पंखावर बोजा जास्त, आणि हवेत टिकायला वेग जास्त. निसर्गाने यात कुठपर्यंत मजल मारली तेही पाहिलं. अर्जेंटिनात सुमारे ६० लाख वर्षांपूर्वी उडणारा आर्जेंटाव्हिस ७० किलोच्या आसपास होता, पंख सहा-सात मीटर. डायनासोरांच्या काळातल्या क्वेट्झलकोअ‍ॅटलसचे पंख दहा मीटरच्या पुढे.

ढवळीला १२ मीटर पंख दिले, १४ चौरस मीटर क्षेत्रफळ, आणि स्वारासकट २५० किलो वजन. हिशोब केला तर सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी ५० किमीच्या खाली ती हवेत राहू शकत नाही. पंखावरचा बोजा खऱ्या गिधाडाच्या दुपटीहून जास्त. जीवशास्त्रज्ञ हसतील, हसू देत. पण हा १४ चा आकडा माझ्यासाठी सोन्याचा आहे, कारण पुढचे सगळे नियम त्यातूनच निघतील: कुठे उतरता येईल, कुठून उडता येईल, किती अरुंद खोऱ्यात वळता येईल.

६ जुलै

मुद्दाम सगळ्यात सोपं उड्डाण बसवून पाहिलं. एक बटण दाबलं की वर, सोडलं की खाली, काठी वळवली की वळण. भंडारदऱ्यावरून सरळ कळसूबाईच्या माथ्यावर, तिथून हरिश्चंद्रगड. सुंदर दिसलं आणि दहा मिनिटांत कंटाळा आला. शिखर गाठायला काही लागतच नसेल तर शिखर म्हणजे जमिनीचा एक उंचवटा, दुसरं काय.

हा प्रश्न आमचा एकट्यांचा नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळाने २००७ मध्ये उडती वाहनं आणली ती फक्त आउटलँड या नव्या प्रदेशात. जुना प्रदेश पायी चालणाऱ्याच्या नजरेसाठी बांधलेला होता, वरून पाहिला असता तर अर्धवट बांधकाम उघडं पडलं असतं. तिथे उडता यावं म्हणून २०१० मध्ये जुनं जग नव्याने बांधावं लागलं. पुढे २०१४ च्या विस्तारात (खेळाच्या नव्या भागात) उड्डाण बंदच ठेवलं, कारण लोक वाटेतलं सगळं टाळून थेट मुक्कामावर उतरत. खेळाडूंनी एवढा गदारोळ केला की २०१५ मध्ये ते परत द्यावं लागलं, पण आधी प्रदेश पायी हिंडून दाखवा या अटीवर. मग २०२२ मध्ये ड्रॅगनच्या पाठीवरचं नवं उड्डाण आलं, त्यात सूर मारून वेग कमवायचा आणि तो खर्चून वर जायचं. माझ्या मते पंधरा वर्षांच्या भांडणाचं खरं उत्तर ते होतं. उडणं फुकट नसलं की उडण्याला चव येते.

गिल्ड वॉर्स २ मधला ग्रिफॉन हा उडता प्राणी (२०१७) त्याच जातीचा. स्वतःहून फार वर जात नाही. उंच कड्यावरून झोकून द्यायचं, वेग साठवायचा, मग उसळी. पॅन्झर ड्रॅगूनने (१९९५) प्रश्नच टाळला, ड्रॅगन ठरलेल्या मार्गाने उडतो आणि तुम्ही फक्त नेम धरता. स्कायवर्ड सोर्डमध्ये (२०११) पक्षी लाडका आहे, पण तो ढगांच्या वरच. खालच्या जमिनीवर त्याला नेता येत नाही आणि वरचं आकाश बरंचसं रिकामं. होरायझन फॉरबिडन वेस्टने (२०२२) उडतं यंत्र कथेच्या अगदी शेवटाकडे दिलं. म्हणजे जग आधी पायाखालून घातलं, मग वरून दाखवलं. हुशारी आहे, पण ती उड्डाण पुढे ढकलण्याची.

आमचा निर्णय: वर जायचं बटण काढून टाकलं. ढवळीला पंख मारता येतील, पण दम चटकन संपेल. उंची मिळवायची ती वाऱ्यातून. जमिनीला जसे चढ-उतार, घळी आणि खिंडी आहेत तसं आकाशही घडवायचं, आणि खेळाडूने शोधायचं ते तेच.

१३ जुलै

यासाठी सह्याद्रीसारखी जागा नाही. पश्चिमेकडून आलेला वारा कोकणातून सरळ येऊन कड्यावर आदळतो आणि जायला जागा नसल्यामुळे वर चढतो. कोकणकड्यावरून टोपी खाली टाकली तर वाऱ्यावर परत वर येते, हे तिथे गेलेला प्रत्येकजण सांगतो. घारी त्या पट्ट्यात पंख न हलवता तासन्‌तास लटकलेल्या दिसतात.

खेळात हे असं बसवलं. उंचीचा नकाशा आधी शंभरेक मीटरच्या मापाने धूसर केला, कारण वाऱ्याला एकेक खडक दिसत नाही, डोंगराचा एकूण आकार दिसतो. त्या धूसर नकाशावरून प्रत्येक ठिकाणचा उतार काढला: पूर्व-पश्चिम किती, उत्तर-दक्षिण किती. हे दोन आकडे एका चित्राच्या दोन रंगांत साठवले. आता वाऱ्याची दिशा काहीही असो, त्या क्षणी दोन गुणाकार आणि एक बेरीज केली की हवा तिथे वर चालली आहे की खाली ते कळतं. वारा पश्चिमेचा केला की घाटमाथ्याची अख्खी कड जिवंत होते. पूर्वेचा केला की तीच कड ढवळीला खाली दाबते.

कड्यावर उतार जवळजवळ उभा, त्यामुळे आकडा आभाळाला भिडतो. म्हणून मर्यादा घातली: हवा वर जाण्याचा वेग वाऱ्याच्या वेगाच्या साठ टक्क्यांपुढे नाही. सेकंदाला १० मीटर वारा असेल तर जास्तीत जास्त ६ मीटर उचल. जमिनीपासून वर गेलं की ती विरत जाते. कोकणकड्याच्या घोड्याच्या नालेसारख्या पोटात तीन बाजूंची हवा एकवटते, तिथे मात्र थोडी सूट दिली.

आज पहिल्यांदा ढवळी साधले घाटाच्या बाजूने कड धरून माळशेजकडे निघाली आणि पंख एकदाही न मारता पोचली. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो हे आईने सांगितल्यावर कळलं.

२० जुलै

पाऊस. तीन तास वीज नव्हती. थराच्या पट्ट्यांचा रंग बदलला: ओला कातळ काळा, कोरडा तपकिरी. बाकी काही नाही.

२ ऑगस्ट

उतरणं आणि उडणं.

जड गिधाडाला सपाटीवरून उठणं जड जातं. धावावं लागतं, पंख आपटावे लागतात. पोट भरलेलं असेल तर आणखी पंचाईत. म्हणून ती रात्रीच्या मुक्कामाला कडे आणि उंच झाडं निवडतात, की सकाळी नुसतं पुढे झुकलं तरी काम झालं. ढवळीलाही तोच नियम लावला. कड्याच्या धारेवरून: दोन पावलं आणि झेप. उताराच्या सोंडेवरून: धावत. पठारावरून: समोरून वारा असेल तरच. भाताच्या खाचरात उतरलात तर तिला चालवत चढाच्या टोकापर्यंत न्यायचं.

या एका नियमाने खेळाचा नकाशा बदलला. आधी उतरायला कुठलीही जागा सारखीच होती. आता वरूनच विचार करावा लागतो: हिरवळ छान आहे, मंदिर आहे, पण इथून निघणार कसे? हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर खोलगट जागी आहे. तिथे उतरलं की पुन्हा उडायला कोकणकड्यापर्यंत पायी. ती वाट खेळाडूला आपोआप चालायला लागते आणि वाटेत त्याला पाण्याची टाकी दिसतात, केदारेश्वराची गुहा दिसते. कुणी बाण दाखवून "इकडे जा" म्हणायची गरज राहिली नाही.

सांधण दरीचा प्रश्नही यातच सुटला. बारा मीटरचे पंख त्या चिंचोळ्या फटीत मावतच नाहीत. ढवळी साम्रदच्या बाजूला काठावर बसून राहील, माणूस आत जाईल. दरी हाताने घडवावी लागणार, कारण तीस मीटरच्या नकाशाला ती भेग जवळजवळ दिसतच नाही.

१० ऑगस्ट

स्वार बसतो कुठे? मानेच्या मागे, दोन्ही खांद्यांच्या मध्ये. खोगीर नको यावर एकमत. पाठीवर घोंगडं, सुताच्या दोरीने बांधलेलं. पावसात डोक्यावर इरलं घालायची बहिणीची कल्पना होती. ताशी शंभर किमीला इरलं मुरबाडात जाऊन पडेल म्हटल्यावर तिने ती सोडली. (मॉडेल मात्र बनवून ठेवलं आहे. उतरल्यावर घालता येईल म्हणे.)

कॅमेरा थेट पाठीच्या हाडाला जोडला की पंखाच्या प्रत्येक फटक्याला पडदा हिंदकळतो आणि पोटात ढवळतं. म्हणून शरीर हलतं ते हलू द्यायचं, कॅमेरा मात्र त्याच्या सरासरी मार्गाने न्यायचा. ढवळी ४५ अंश कलली तर कॅमेरा त्याच्या साधारण तिसरा हिस्सा कलतो. क्षितिज पूर्ण कललं तर भारी दिसतं, पण बहिणीला पाच मिनिटांत बाम लागतो. वेग वाढला की दृश्याचा कोन ७५ वरून ९० अंशांकडे हळूच उघडतो.

वळणाचे आकडे इथेच लिहून ठेवतो. ४५ अंश कललेली ढवळी सेकंदाला २० मीटर वेगाने ४१ मीटर त्रिज्येत वळते. ३० मीटर वेगाने त्याच वळणाला ९२ मीटर लागतात. आणि कलल्यावर हवेत टिकण्याचा किमान वेग १४ वरून १७ च्या जवळ जातो. म्हणजे अरुंद खोऱ्यात हळू जावं लागतं, पण फार हळू गेलात तर वळणातच पडता. या दोन आकड्यांच्या मधल्या चिमटीत खेळ आहे.

२३ ऑगस्ट

मामेभाऊ आला. काही न सांगता त्याच्या हातात कंट्रोलर दिला.

आधी रतनगडावरून निघाला आणि सवयीने बटण दाबत राहिला. ढवळीचा दम संपला, रतनवाडीच्या शेतात बसली. "दादा, ही दमली."

"हो, दमणारच."

"मग आता?"

"तूच बघ."

त्याने आजूबाजूला कॅमेरा फिरवला. गवत कुठल्या बाजूला लवतंय ते पाहिलं. हे मी त्याला सांगितलं नव्हतं, गवताची दिशा मी केवळ हौसेने वाऱ्याला जोडली होती. मग ढवळीला चालवत एका सोंडेवर नेलं, वाऱ्याकडे तोंड केलं, धावला. उठला. कड्याच्या जवळ सरकला तशी ढवळी हळूहळू वर जायला लागली आणि तो एकदम गप्प झाला. खूप वेळाने म्हणाला, "हे कड्याला चिकटून उडायचं प्रकरण आहे तर."

तक्रारी त्याच्या दोन. एक, रतनगडाचं नेढं खऱ्यापेक्षा मोठं आहे. (आहे. मुद्दाम. १२ मीटरचे पंख त्यातून न्यायचा मोह मलाही आवरला नाही.) दुसरी जास्त कामाची: तीनशे मीटर उंचीवर वेग कळतच नाही, सगळं थांबल्यासारखं वाटतं. पडद्यावर पांढऱ्या रेघा ओढणं मला पटत नाही. त्याऐवजी हवेत खऱ्या गोष्टी सोडू: धुक्याचे फाटके तुकडे, कड्याजवळ सुसाट जाणाऱ्या पाकोळ्या, वाऱ्यावर उडालेलं सुकं गवत.

३० ऑगस्ट

गणपती. लॅपटॉपवर नैवेद्याच्या याद्या.

१४ सप्टेंबर

कड्याची उचल झाली, आता उन्हाची. जमीन तापली की तिच्यावरची हवा हलकी होऊन खांबासारखी वर जाते. पॅराग्लायडिंगवाले तिला थर्मल म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. खेळातला थर्मल असा: मध्यभागी सेकंदाला ३ ते ४ मीटर उचल, बाहेर जाताना ती उतरत जाते, ८० मीटरच्या पलीकडे हवा उलट थोडी खाली बसते. वारा असेल तर खांब कलतो. उघडा कातळ आणि जळालेलं गवत चांगला थर्मल देतं. धरणाचं पाणी आणि दाट जंगल देत नाही. त्यामुळे दुपारी भंडारदऱ्याच्या जलाशयावरून जाणं म्हणजे उंची गमावणं.

वेळेचं गणित आपोआप तयार झालं. भल्या सकाळी थर्मल नाहीत. ऊन तापल्यावर सुरू. तिसऱ्या प्रहरी, खारे वारे घाटापर्यंत पोचतात तेव्हा, कड पुन्हा जागी होते. संध्याकाळी सगळं मंदावतं. ढवळी सरळ तरंगत गेली तर एक मीटर खाली येताना १२ मीटर पुढे जाते. कोकणकड्यापासून खाली बेलपाड्यापर्यंत हजारेक मीटरची उंची आहे, म्हणजे उचल काहीच मिळाली नाही तरी बारा किमीचा पल्ला हातात. त्या बारा किमीत पुढचा थर्मल सापडला नाही तर उतरायचं कोकणात, आणि मग घाट चढायचा पायी. नळीच्या वाटेने ढवळीला चालवत आणता येणार नाही. ती खाली थांबेल, वारा फिरायची वाट बघत. खेळाडू वैतागेल. वैतागू दे, पुढच्या वेळी दुपारचं ऊन बघून निघेल.

थर्मल दिसत नाही, मग शोधायचा कसा? पॅराग्लायडर वैमानिकाकडे व्हेरिओ नावाचं यंत्र असतं, वर जाताना टीं-टीं वाजतं. आम्ही पडद्यावर काहीच लावलं नाही. ढवळीच्या पंखांच्या टोकाची लांब पिसं बोटांसारखी फाकलेली असतात. ज्या बाजूला उचल आहे त्या पंखाची पिसं आधी वर वाकतात आणि तो पंख उचलला जातो. उजवं टोक उचललं की उजवीकडे वळा. बहिणीने प्रत्येक पिसाला वेगळं हाड दिलं आहे. त्याने फायली जड झाल्या, पण हे बघत उडायला लागल्यावर आकड्यांची पट्टी कुणालाच आठवत नाही.

२८ सप्टेंबर

दुसरी खूण: इतर पक्षी. घिरट्या घालणारा थवा म्हणजे तिथे थर्मल. खरी गिधाडंही एकमेकांकडे बघूनच जागा शोधतात.

खेळात किती गिधाडं सोडायची यावर मी बराच अडखळलो. खऱ्या आकाशात ती आता क्वचित. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरातून त्यांच्या पोटात जाई आणि मूत्रपिंडं निकामी करी. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तोवर पिढ्या संपल्या होत्या. मामेभावाच्या आजोबांना गावाबाहेरच्या ढोराच्या जागेवर बसलेली झुंबड आठवते; मामेभावाने गिधाड पाहिलंय ते मोबाइलवर.

शेवटी असं केलं: खेळात दोन काळ. पहिला १९८० च्या आसपासचा, थवे भरपूर, थर्मल शोधणं सोपं. दुसरा आजचा. तोच वारा, तेच ऊन, पण खुणा करणारं कोणी नाही. घारी दिसतात, तेवढ्यांवर भागवायचं. आजच्या काळातला खेळ नुसता अवघड झाला. कुठलाही संवाद किंवा पाटी घातलेली नाही आणि घालणारही नाही.

११ ऑक्टोबर

कामशेतला जाऊन आलो. पाऊस सरला की तिथे पॅराग्लायडिंग सुरू होतं. आम्ही उडलो नाही, दिवसभर टेकडीच्या धारेवर बसून पाहिलं. दोन गोष्टी उचलल्या. एक, उचलीत शिरताना छत्री आधी किंचित मागे राहते, मग उसळते. ढवळीलाही तो क्षणभराचा धक्का हवा, तिच्यासकट स्वार दबला पाहिजे. दुसरी, कड्यासमोर उडताना वळण नेहमी डोंगरापासून दूर. ते खेळाडूला शिकवायला नको, एकदा आदळला की कळतं.

ढवळी आदळल्यावर मरत नाही. खाली घसरते, कड्यातल्या जवळच्या सपाट पदरावर बसते, पिसं झटकते आणि काही वेळ ऐकत नाही. द लास्ट गार्डियन या खेळातला (२०१६) ट्रिको हा अवाढव्य प्राणी हाक मारल्यावर कधी येतो, कधी नुसता बघत बसतो. त्यावर लोकांनी बोटं मोडली, मला मात्र तेच आवडलं होतं. लगाम ओढला की वळते ती मोटारसायकल. ढवळी भुकेली असेल तर मेलेल्या जनावराच्या दिशेने थोडी ओढ घेईल. थोडीच. खेळाडूचं ऐकायचं नाही असं नाही, पण तिला मत आहे.

२६ ऑक्टोबर

दिवाळीनंतरचं रुक्ष काम. कळसूबाई हा उगमबिंदू, म्हणजे अंतरं मोजायचा शून्य, धरला तर जीवधनजवळ, ३७ किमी दूर, ३२ बिटांच्या संख्येत सगळ्यात लहान पायरी ४ मिलिमीटरची होते. ऐकायला काहीच नाही. पण डोळ्यांसमोर मीटरभरावर ढवळीची पिसं आहेत आणि ती पडद्यावरच्या प्रत्येक चौकटीत (फ्रेममध्ये) चार मिलिमीटर इकडे-तिकडे उडी मारतात; थंडी वाजल्यासारखी थरथरतात. गोडो दुप्पट अचूकतेने नव्याने बांधून घेता येतं, पण त्यापेक्षा जग सरकवणं बरं: ढवळी उगमबिंदूपासून दोन किमी लांब गेली की तिला परत मध्यावर आणायचं आणि सह्याद्री दोन किमी मागे ढकलायचा. वाऱ्याचं चित्र, थर्मल, ढग सगळं सोबत. खेळाडूला काही कळत नाही.

९ नोव्हेंबर

इंद्रवज्र.

ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने १८३५ मध्ये कोकणकड्यावरून ते पाहिल्याची नोंद आहे: समोरच्या धुक्यात गोल इंद्रधनुष्य आणि मधोमध आपलीच सावली. सूर्य पाठीशी, धुकं समोर आणि खाली हवं. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून ते सकाळचं.

गणित सोपं निघालं. सूर्याच्या बरोबर उलट दिशा काढायची, पडद्यावरच्या प्रत्येक बिंदूचा तिच्याशी किती कोन होतो ते मोजायचं, कोनानुसार रंग द्यायचा: आत निळसर, बाहेर तांबूस. मग त्याला धुक्याच्या दाटपणाने गुणायचं. वर्तुळाचा कोन ठरलेला असल्यामुळे ढगाच्या जवळ गेलात की सावली मोठी होऊन वर्तुळाबाहेर पंख येतात, लांब गेलात की ढवळीची सावली ठिपक्याएवढी आणि कडं तेवढंच.

गोची वेगळीच. इंद्रवज्राचं केंद्र असतं ते बघणाऱ्याच्या डोळ्याच्या सावलीवर. आमचा डोळा म्हणजे कॅमेरा, आणि तो स्वाराच्या नऊ मीटर मागे. ढग लांब असेल तर चालून जातं. जवळ आला की कडं स्वाराच्या डोक्याभोवती न पडता ढवळीच्या शेपटीमागे कुठेतरी पडतं. केंद्र स्वारावर ढकलून खोटं करता आलं असतं, पण मग लांबच्या ढगावर ते तिरकं दिसतं. त्यापेक्षा खेळाडूने खाली धुक्याकडे वाकून पाहिलं की कॅमेरा पुढे सरकत स्वाराच्या डोळ्यांत जातो. आता कडं बरोबर जागी पडतं आणि ढवळीची मान पहिल्यांदा इतक्या जवळून दिसते, प्रत्येक पिसाच्या मुळाशी असलेल्या करड्या लवेसकट. बहिणीला ती लव पुन्हा करायची आहे.

२२ नोव्हेंबर

चार-पाच ओळखीच्यांना खेळायला दिला. सगळ्यांचा एकच प्रश्न, वर किती जाता येतं? १९७३ मध्ये आयव्हरी कोस्टच्या आबिजानवर एक आफ्रिकी गिधाड सुमारे ११,३०० मीटर उंचीवर विमानाला धडकलं होतं, त्यामुळे गिधाडाला छत घालणारे आपण कोण. पण थर्मल ढगाच्या तळाशी संपतो आणि ढगात शिरलं की काहीच दिसत नाही, एवढी अट पुरते. अदृश्य भिंत घातलेली नाही.

नकाशा द्यावा का, यावर एकमत नाही. बहीण म्हणते कागदी नकाशा, तोही फक्त जमिनीवर असताना उघडणारा. मामेभाऊ म्हणतो, नकाशा कशाला, कळसूबाई दिसते ना. धुक्यात दिसत नाही, हे त्याला मान्य नाही. तूर्त कागदी नकाशा ठेवतोय, वाऱ्यात उघडला तर उडून जाणारा.

राहिलेलं काम: सांधणच्या आतला उजेड, पावसाळ्यातले उलटे धबधबे, स्वाराच्या हातांची पकड (शॅडो ऑफ द कोलोससमध्ये उडत्या राक्षसाला धरून राहण्यातच सगळी गंमत होती, आमचा स्वार अजून फार निवांत बसतो), आणि जीवधनच्या बाजूला वाऱ्याच्या चित्राला पडलेली एक शिवण, जिच्यावरून जाताना ढवळी विनाकारण तीन मीटर खाली बसते. शिवण आधी.